इंग्रजी स्लँग: अर्थ काय, आणि कोणी कोणाला म्हणायचं?

बिटको_चौक | रविवार, सकाळ

मंडळी, नाशिकरोडला मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. सध्याच्या तुकडीत बऱ्याच मुली नर्सिंग झालेल्या आहेत. कोणी सिन्नरची, कोणी निफाडची, कोणी इगतपुरीची. इंग्लंड-आयर्लंडच्या रुग्णालयांत जायची तयारी चाललीय. व्याकरण पक्कं, औषधांची नावं तोंडपाठ, सराव पेपरही सुटतात. गाडी अडते ती पेशंटच्या बोलण्यापाशी, कारण ऐंशी वर्षांची ब्रिटिश आजी पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी बोलत नाही.

आजी म्हणते, 'आय नीड टु स्पेंड अ पेनी.' तिला पैशांचं काही बोलायचं नसतं, लघवीला जायचं असतं. पूर्वी तिकडच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचं दार उघडायला एक पेनीचं नाणं टाकावं लागे, तिथून हा प्रयोग आला. 'माय वॉटरवर्क्स आर प्लेइंग अप' म्हणजे लघवीचीच काहीतरी तक्रार. 'बंग्ड अप' म्हणजे कधी नाक चोंदलंय, कधी पोट साफ होत नाहीये; पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. 'आय फील रफ' म्हणजे बरं वाटत नाही. आणि 'माय हजबंड पॉप्ड हिज क्लॉग्ज' म्हणजे नवरा वारला. हे ऐकून माझ्या मुलीने न समजता हसून मान डोलावली तर त्या बाईला काय वाटेल, याचा विचार मनातून जात नाही.

या मुलींसाठी एक संग्रह करायचाय. नुसता अर्थ नको. कोण म्हणतं, कोणाला म्हणतं, कुठल्या भागात चालतं, आणि आपण उलट म्हणावं की नाही, हेही लिहा. रुग्णालयच हवं असं नाही. ऑफिस, रस्ता, पोरांची भाषा, सगळं चालेल.

सातपूरची_लीड्सला | रविवार, दुपार

ताई, फार गरजेचा धागा काढलात. मी यॉर्कशरमध्ये वॉर्डात काम करते. सगळ्यात आधी तीन शब्द लिहून घ्या: 'नाउट', 'आउट', 'समट'. म्हणजे नथिंग, एनिथिंग, समथिंग. आजोबा म्हणाले, 'आय हॅव हॅड नाउट सिन्स यस्टरडे', तर त्यांनी कालपासून काही खाल्लेलं नाही. मधुमेहाचा पेशंट असला आणि इन्सुलिनची वेळ झालेली असली, तर हा एक शब्द समजण्यावर किती अवलंबून असतं ते मुलींना वेगळं सांगायला नको.

'पूअरली' म्हणजे आजारी, हे सगळीकडे चालतं. पण डॉक्टर नातेवाइकांना 'ही इज व्हेरी पूअरली' असं म्हणाले, तर प्रकृती गंभीर आहे असं समजायचं. शब्द मऊ आहे म्हणून बातमी छोटी समजू नये.

आता हाक मारण्याबद्दल, कारण नव्या मुली इथे बिचकतात. यॉर्कशरमध्ये अनोळखी माणूसही 'लव्ह' म्हणतो. डर्बी, नॉटिंगहॅम, स्टोककडे 'डक' म्हणतात, 'एय अप मी डक' हा तिथला नमस्कार. न्यूकासलकडे 'पेट'. ग्लासगोत बायकांना 'हेन'. आणि ब्रिस्टल, डेव्हनकडे चक्क 'माय लव्हर'. सत्तरीच्या आजीबाई बसच्या ड्रायव्हरला म्हणतात, ड्रायव्हर आजीबाईंना म्हणतो. त्यात वावगं काही नाही. आपल्याकडे भाजीवाली 'काय देऊ ताई' म्हणते तेवढंच. मात्र आपण उलट म्हणू नये. पेशंटला आधी विचारावं की तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू. ते नाव फायलीत लिहिलेलं असतं आणि सगळे तेच वापरतात.

स्कॉटलंडला जाणाऱ्यांसाठी: 'वी' म्हणजे छोटं. 'अ वी जॅब' म्हणजे छोटंसं इंजेक्शन. पण तोच उच्चार 'आय नीड अ वी' मध्ये आला की लघवी. 'बेअर्न' म्हणजे मूल. आणि 'द बेअर्न इज ग्रीटिंग' म्हणजे मूल रडतंय! नमस्कार-चमत्काराचा संबंध नाही.

द्राक्षवेल | रविवार, दुपार

वाचनखूण साठवली. 'ग्रीटिंग'चा अर्थ वाचून थक्क झालो.

त्र्यंबक_रोड | रविवार, संध्याकाळ

मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माझी सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. आपल्या मुलांना साधं, शुद्ध वाक्य नीट बोलता येईपर्यंत ही बाजारू भाषा कशाला हवी? आज आहे, उद्या नाही अशी ही. आपण भगूरच्या शेजारचे लोक. सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द घडवून मराठीला दिले, ती दृष्टी कुठे आणि हे कुठे.

बिटको_चौक | रविवार, रात्र

सर, राग कसला. बोलायला शिकवण्याबद्दल तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वर्गात मी मुलींना 'स्पेंड अ पेनी' म्हणायला कधीच लावणार नाही. त्यांनी 'डू यू नीड द टॉयलेट?' असंच विचारावं. पण ऐकून समजणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती आली नाही तर पेशंटचे हाल होतात. माझा भर तिथे आहे.

बाजारू म्हणाल तर एक सांगते. जोनाथन स्विफ्टसारख्या मोठ्या लेखकाने १७१० साली 'मॉब' या शब्दावर तोंडसुख घेतलं होतं. 'मोबिले व्हल्गस' या लॅटिन शब्दजोडीचं शेपूट कापून लोकांनी तो बनवला होता. आज 'मॉब' न्यायालयाच्या निकालपत्रात असतो. 'ओके'चा जन्म तर निव्वळ गंमत म्हणून झाला. १८३९ मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची आद्याक्षरं छापली. तशी आद्याक्षरं करायची तेव्हा तिथे टूम होती. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरेन उभे होते, त्यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', त्याचीही आद्याक्षरं तीच. प्रचारात घोषणा झाली आणि शब्द टिकला. त्या टुमेतले बाकीचे बहुतेक शब्द विरून गेले. कुठला टिकेल हे त्या त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही, म्हणून सगळेच ऐकून ठेवायचे.

गंगापूररोडची_आई | सोमवार, सकाळ

माझा प्रश्न घरातला आहे. मुलगा दहावीत. 'नो कॅप', 'मिड', 'रिझ', 'डेलूलू' हे शब्द दिवसभर चालू असतात. परवा आजोबांनी हातची भाजी खाऊ घातली तर म्हणाला, 'मिड आहे.' आजोबांना कळलं नाही, मला कळलं नाही, पण सूर कळला. आणि 'सिक्स-सेव्हन' म्हणून दोन्ही हात वर-खाली करतो ते काय आहे? त्यात काही वाईट अर्थ नाही ना, एवढं कोणीतरी सांगा.

केटीएचएम_दुसरं_वर्ष | सोमवार, सकाळ

काकू, घाबरू नका. 'सिक्स-सेव्हन'ला ठरलेला अर्थच नाही. एका रॅप गाण्यातून आलं, बास्केटबॉलच्या व्हिडिओंवर लागलं, मग शाळाशाळांत पसरलं. मोठ्यांना कळत नाही यातच पोरांची मजा आहे. डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ चा शब्द म्हणून तेच निवडलं.

बाकीचे सांगतो. 'कॅप' म्हणजे थाप, म्हणून 'नो कॅप' म्हणजे खरंच सांगतोय. 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची हातोटी, 'करिझ्मा'च्या मधला तुकडा. ऑक्सफर्डने २०२३ ला तो वर्षाचा शब्द ठरवला होता. 'डेलूलू' म्हणजे स्वतःच्या कल्पनेत रमलेला, 'डिल्यूजनल'वरून. कोरियन पॉप गाण्यांच्या चाहत्यांत तो आधी रुळला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो संसदेत विरोधकांना उद्देशून वापरला आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या शब्दकोशात गेला. 'मिड' म्हणजे मध्यम, पण बोलताना ते 'बेकार'च्या जवळ जातं. त्यामुळे आजोबांच्या भाजीला 'मिड' म्हणणं उद्धटपणाच आहे, हे मी त्याच्या बाजूचा असूनही सांगतो.

आमच्यात ब्रो, ब्रुह हे बरोबरीच्याला. आजोबांना 'ब्रुह' म्हणजे आजोबांना 'ए भावा' म्हणणं. त्याला हे माहीत असतं, घरात विसरतो. तुम्ही मराठीतलं उदाहरण देऊन सांगा, लगेच पटेल.

एक गोष्ट मात्र आम्हा मुलांनाही कोणी सांगत नाही. 'कूल', 'लिट', 'वोक', 'कॅप' हे शब्द मुळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतले. 'स्ले', 'शेड', 'टी' हे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, तृतीयपंथी लोकांच्या बॉलरूम मंडळींमधून, म्हणजे नाच आणि वेशभूषेच्या स्पर्धा भरवणाऱ्या गटांमधून आले. ज्यांना समाजाने बाहेर ठेवलं, त्यांनी आपसांत बोलायला घडवलेली ही भाषा आहे. इंटरनेटवर आता तिला 'जेन झी'ची भाषा म्हणतात आणि ज्यांची आहे त्यांचं नाव पुसलं जातं. हे मला खटकतं म्हणून लिहिलं.

गंगापूररोडची_आई | सोमवार, दुपार

खूप छान समजावलंस रे बाळा. शेवटचा मुद्दा मुलाला वाचून दाखवला, तो गप्प बसून ऐकत होता.

पाथर्डी_फाटा | सोमवार, रात्र

आयटीत आहे, एक टीम लंडनला, एक टेक्ससला. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ आपल्याच इंग्रजीने होतो. 'आय पास्ड आउट इन २०१८' हे आपण पदवी घेतली या अर्थाने लिहितो. ब्रिटिश माणसाला ते 'मी २०१८ मध्ये बेशुद्ध पडलो' असं वाचायला मिळतं. 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की त्यांना वाटतं आपला त्यांच्यावर अविश्वास आहे. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावं.

मग ब्रिटिश आणि अमेरिकन यांचं आपसांतलं. 'पिस्ड' म्हणजे लंडनमध्ये दारू चढलेला, टेक्ससमध्ये चिडलेला, आणि दोन्हीकडे जरा असभ्यच. 'पँट्स' म्हणजे अमेरिकेत विजार, इंग्लंडमध्ये आतली चड्डी. 'नाइस पँट्स' असं कौतुक इंग्लंडमध्ये करू नये. 'रबर' इंग्लंडमध्ये आपल्यासारखं खोडरबर, अमेरिकेत निरोध. 'नॉक यू अप' म्हणजे जुन्या ब्रिटिश बोलण्यात दार वाजवून उठवणं, अमेरिकेत गर्भवती करणं. 'लेट्स टेबल इट' तर मीटिंगच उलटी करतं: इंग्लंडमध्ये 'विषय चर्चेला घेऊ', अमेरिकेत 'विषय बाजूला ठेवू'. ही काही स्लँग नाही, पण एका कॉलवर दोन्हीकडची माणसं असतील तर विचारून घ्यावंच लागतं.

लंडनवाल्यांची स्तुती मात्र शिकावी लागते. 'नॉट बॅड' म्हणजे चांगलं झालंय. 'क्वाइट गुड' ऐकून खूश होऊ नये, बऱ्याचदा ते ठीकठाक असतं. 'विथ रिस्पेक्ट' ने वाक्य सुरू झालं की पुढे असहमती आहे. 'आय अ‍ॅम चफ्ड' म्हणजे खूश, 'गटेड' म्हणजे फार वाईट वाटलं, 'नॅकर्ड' म्हणजे पार थकलो. नॅकर म्हणजे म्हातारे, निकामी घोडे विकत घेऊन मारणारा माणूस. थकव्याचा शब्द तिथून आला.

देवळाली_कॅम्प | मंगळवार, सकाळ

कालपासून वाट बघत होतो की हा शब्द कोणी आणतंय का. नाशिकचा धागा आहे आणि तो नाही, हे बरं नव्हे, म्हणून लिहितो.

ब्रिटिश इंग्रजीत 'डूलॅली' असा शब्द आहे. अर्थ, डोकं फिरलेला. 'ही हॅज गॉन डूलॅली.' आज तो माणसाला म्हणतात, तसा बिघडलेल्या यंत्रालाही म्हणतात, 'माय लॅपटॉप हॅज गॉन डूलॅली.' हा शब्द म्हणजे आपलं देवळाली. लॅम रोडवरून आपण रोज जातो ते देवळाली.

हकीकत अशी. ब्रिटिश फौजेचा इथे तळ होता. भारतात नेमणुकीची मुदत संपलेले गोरे सैनिक ठिकठिकाणच्या पलटणींतून इथे आणून ठेवत, आणि मुंबईला जहाज लागलं की मायदेशी पाठवत. पण सैन्य नेणारी जहाजं वर्षभर चालत नसत. साधारण ऑक्टोबर ते मार्च हाच त्यांचा हंगाम. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, तो पुढच्या हंगामापर्यंत इथे अडकला. उन्हाळा इथे, पावसाळा इथे. त्यात काम काही नाही, कारण पलटण सुटलेली. ज्याने इतकी वर्षं बिगुलावर दिवस काढला त्याला अचानक सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळा वेळ. घर डोळ्यांसमोर आणि जहाजाची तारीख नाही. त्यात हिवताप, दारू, गुप्तरोग.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात होता. त्याने १९३६ मध्ये छापलेल्या आठवणींत देवळालीबद्दल लिहिलंय. एरवी नेक वर्तणुकीचे जुने सैनिक इथे येऊन भानगडीत पडले आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात गेले, असं तो सांगतो. अशा माणसाबद्दल सोबती म्हणत की याला 'डूलॅली टॅप' झालाय. हा 'टॅप' म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. पुढे टॅप गळून पडला आणि नुसतं डूलॅली उरलं. ज्यांना नाशिक नकाशावर दाखवता येणार नाही अशी माणसं आजही दिवसातून सहज हा शब्द बोलून जातात.

मी कॅम्पात वाढलो. आमच्या गावाची हवा चांगली म्हणून मुंबईचे पारशी, गुजराती लोक इथे सॅनिटोरियममध्ये प्रकृती सुधारायला यायचे. त्याच गावाचं नाव तिकडे भ्रमिष्टपणाला लागलं, याचं लहानपणी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. तो शब्द गावाबद्दल नाही, वाट बघून खचलेल्या माणसांबद्दल आहे. सत्तेचा सगळा डामडौल एका बाजूला आणि त्याच सत्तेचे साधे शिपाई घरच्या ओढीने इथे झुरत होते, एवढी गोष्ट त्या एका शब्दात राहिलीय. नव्या पोरांना आपल्या गावातल्या शाळेत हे सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

द्राक्षवेल | मंगळवार, सकाळ

काका, अंगावर काटा आला. भगूरहून रोज त्या रस्त्याने येतो, हे माहीतच नव्हतं.

त्र्यंबक_रोड | मंगळवार, दुपार

देवळालीकर, उत्तम लिहिलंत. शिपायांच्या तोंडून आणखीही शब्द गेले, त्यात भर घालतो. 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, इंग्लंड. मूळ आपला 'विलायती'. पहिल्या महायुद्धात 'ब्लायटी वन' म्हणजे जीव जाणार नाही पण घरी पाठवतील अशी जखम. खंदकातला शिपाई तशी जखम व्हावी अशी इच्छा करायचा. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी, तो 'खुश'वरून. 'हॅव अ डेको' म्हणजे जरा बघ, 'देखो'वरून. 'चोकी' म्हणजे तुरुंग, आपली चौकी. 'पका' म्हणजे अस्सल, पक्का. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये अशा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा मोठा कोश काढला, 'हॉब्सन-जॉब्सन'. तो माझ्या टेबलावर कायम असतो.

सातपूरची_लीड्सला | मंगळवार, रात्र

देवळालीकर काका, तुमचा प्रतिसाद ड्यूटीवर जेवणाच्या सुट्टीत वाचला, डोळे भरून आले. मुलींसाठी एक गोष्ट जोडते. हा शब्द पेशंटचे नातेवाईक वापरतील, 'मम्स गॉन अ बिट डूलॅली'. बहुतेक वेळा आई विसरायला लागलीय, असंबद्ध बोलतेय, हे ते हलकं करून सांगत असतात. आपण मात्र हा शब्द पेशंटबद्दल तोंडातही आणायचा नाही आणि कागदावरही नाही. विचारायचं: कधीपासून? अचानक की हळूहळू? वृद्ध माणूस अचानक गोंधळला असेल तर कारण कधी मूत्रमार्गाचा संसर्ग असतो, कधी पाण्याची कमतरता, कधी औषध. तो डिलिरियम असू शकतो आणि तो बरा होऊ शकतो. 'डूलॅली' ऐकून सोडून दिलं तर उपचार राहून जातो. नोंदीत पेशंटचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहावेत, आणि खाली आपण काय पाहिलं ते साध्या इंग्रजीत.

बिटको_चौक | मंगळवार, रात्र

हा प्रतिसाद छापून वर्गात लावणार आहे.

नोटप्रेस_निवृत्त | बुधवार, सकाळ

पैशांचे शब्द माझ्याकडून घ्या, उभी हयात नोटांत गेली. 'क्विड' म्हणजे पाउंड, 'फायव्हर' पाचाची नोट, 'टेनर' दहाची, 'ग्रँड' म्हणजे हजार. अमेरिकेत 'बक' म्हणजे डॉलर, हरणाच्या कातड्यांच्या व्यापारातून आलेला. आयर्लंडमध्ये मात्र 'आय अ‍ॅम ग्रँड' म्हणजे मी ठीक आहे, नर्स मुलींनी तिथे हजाराचा विचार करू नये.

लंडनमध्ये २५ पाउंडांना 'पोनी' आणि ५०० ला 'मंकी' म्हणतात. मंकीबद्दल एक कथा सगळीकडे फिरते की पूर्वी भारताच्या ५०० रुपयांच्या नोटेवर माकड होतं, गोऱ्या शिपायांनी तो शब्द घरी नेला. ही कथा खोटी आहे. माकडाचं चित्र असलेली तशी नोट निघालेलीच नाही. सरकारी कागदी चलन इथे १८६१ च्या कायद्याने आलं आणि नाशिकला नोटा छापायला सुरुवात झाली १९२८ ला. 'मंकी' हा शब्द इंग्लंडात त्याच्या कितीतरी आधीपासून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पैशांसाठी वापरात होता. तशीच दुसरी कथा 'पॉश' शब्दाची. भारताच्या बोटीवर जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची सावलीची खोली, म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', त्या तिकिटावरच्या आद्याक्षरांवरून शब्द झाला म्हणतात. तसं तिकीट कोणाला सापडलेलं नाही. आपल्या देशाचं नाव आलं की आपण खूश होऊन अशा गोष्टी पुढे पाठवतो. डूलॅलीला लिखित पुरावा आहे, या दोघांना नाही. संग्रहात हा फरक ठेवा अशी विनंती.

द्राक्षवेल | बुधवार, दुपार

काका, मी वायनरीत पाहुण्यांना फिरवतो. तिकडचे लोक स्वस्त वाइनला 'प्लाँक' म्हणतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैनिकांनी 'व्हां ब्लां'चा, म्हणजे पांढऱ्या वाइनचा, तो उच्चार केला असं मानतात. पाहुणा हसत 'नाइस बिट ऑफ प्लाँक' म्हणाला तर त्यात अपमान नसतो, पण आपण आपल्या बाटलीला तसं म्हणायचं नसतं. चढलेल्या माणसासाठी तर इंग्रजीत मोजदाद नाही: टिप्सी, मेरी, हॅमर्ड, वेस्टेड, लेगलेस. बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ मध्ये आपल्या वर्तमानपत्रात दोनशेहून जास्त शब्दांची यादी छापली होती. 'टिप्सी'पर्यंत गंमत असते. 'लेगलेस' ऐकलं की मी गाडीची चौकशी करतो, चालक कोण आहे ते.

पाथर्डी_फाटा | बुधवार, रात्र

लंडनची यमकी बोली राहिली. पूर्व लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरू झाली. शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी घ्यायची: 'स्टेअर्स'साठी 'अ‍ॅपल्स अँड पेअर्स', 'फोन'साठी 'डॉग अँड बोन'. मग जोडीतला यमकाचा शब्दच टाकून द्यायचा, म्हणजे बाहेरच्याला पत्ता लागत नाही. 'हेड'साठी 'लोफ ऑफ ब्रेड', त्यातून 'यूज युअर लोफ', म्हणजे डोकं वापर. 'लाइज'साठी 'पोर्क पाइज', त्यातून 'पोर्कीज', म्हणजे थापा. हे दोन आजही सर्रास ऐकू येतात, बाकीचे फार कोणी बोलत नाही. पाठ करायची गरज नाही.

केटीएचएम_दुसरं_वर्ष | बुधवार, रात्र

अर्थ कुठे बघायचा हेही लिहून ठेवू का? अर्बन डिक्शनरी १९९९ पासून आहे. तिथे कोणीही काहीही लिहू शकतं, त्यामुळे नवा शब्द पटकन सापडतो पण खोटे आणि अश्लील अर्थही भरपूर. जोनाथन ग्रीन यांचा स्लँग कोश २०१० मध्ये तीन खंडांत आला आणि आता ऑनलाइन आहे. तिथे शब्द कोणत्या वर्षी, कुठे छापला गेला ते उताऱ्यासकट मिळतं. मी आधी पहिल्यात बघतो आणि मग दुसऱ्यात पडताळतो. अगदी ताजा शब्द दुसऱ्यात नसेल, तेव्हा तो वापरणाऱ्या माणसालाच विचारायचं.

निफाडची_नर्स | गुरुवार, सकाळ

नमस्कार, मी ताईंच्या वर्गात आहे. पुढच्या महिन्यात शेफील्डला जायचंय. माझ्या मैत्रिणीला तिथे शेजारच्या बाईंनी म्हटलं, 'कम राउंड फॉर युअर टी, लव्ह.' ती संध्याकाळी घरी जेवून चहाला गेली तर समोर पूर्ण जेवण मांडलेलं. तिला खूप संकोच वाटला. हे नेमकं काय असतं? आणि 'यू ऑल राइट?' विचारलं तर काय उत्तर द्यायचं? आपण आजारी दिसतो का?

सातपूरची_लीड्सला | गुरुवार, रात्र

ये गं, शेफील्ड माझ्यापासून जवळच आहे. 'यू ऑल राइट?' हा नुसता नमस्कार आहे. 'यॅह, यू?' एवढं म्हणायचं आणि चालायला लागायचं. 'सी यू लेटर' म्हणजेही पुन्हा भेटायचं ठरलंय असं नाही. दुकानदारही म्हणतो.

'टी'चं असं की उत्तर इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांत दुपारचं जेवण म्हणजे 'डिनर' आणि संध्याकाळचं जेवण म्हणजे 'टी'. वेळ साधारण पाच ते साडेसहा. 'फॉर युअर टी' म्हटलं की पोट रिकामं ठेवून जायचं. 'फॉर अ ब्रू' किंवा 'फॉर अ कपा' म्हटलं तर फक्त चहा. वेळ आधी विचारून घे, त्यात कोणाला राग येत नाही. आणि शाकाहारी असशील तर बोलावल्या बोलावल्या सांग, पण 'आय अ‍ॅम व्हेज' म्हणू नकोस. तिकडे 'व्हेज' म्हणजे ताटातली भाजी, आणि 'नॉन-व्हेज' हा शब्द आपल्याकडचाच आहे. 'आय डोन्ट ईट मीट, फिश ऑर एग्ज' असं एकेक नाव घेऊन सांग, नाहीतर त्या प्रेमाने मासे करून ठेवतील.